बिनपकडीची चढाई

माझा हात लागून बाद झालेल्या शेजारच्या गावच्या तीन पोरी मैदानाबाहेर उभ्या होत्या. बाद झालेल्यांनी बसायचं असतं. या उभ्या होत्या. त्यांच्यापुढं एक म्हातारी होती, त्यांच्यातल्याच एकीची आजी. तिनं बोटातली सोन्याची अंगठी काढली, पाण्याच्या बादलीत टाकली, पाणी ढवळलं आणि गडव्यानं एकेकीच्या अंगावर शिंपडलं. मग त्या बसल्या. पंचानं शिट्टी वाजवली. खेळ पुढं सुरू झाला.

सोनं बुडवलेल्या पाण्यानं विटाळ जातो, हे मला ठाऊक होतं. माझ्या मायच्या डोक्यावरचा भारा एकदा एका बाईला घासला, तेव्हा तिच्या दारात हाच कार्यक्रम मी पाहिला होता. मैदानावर तो होत असेल असं मला वाटलं नव्हतं. फक्कीनं आखलेल्या रेषांच्या आत आपण फक्त गडी असतो, असं मी धरून चालले होते.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यातले. केनवडच्या बाजूचं आमचं गाव. माझ्या जन्माआधीच आमच्या पुऱ्यानं, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या वस्तीनं, बौद्ध धम्म घेतला होता. आम्ही बदललो. गावानं आपली बादली तशीच ठेवली होती.

कबड्डीत चढाई करणारी एकटी असते. एका दमात पलीकडं जायचं, समोरच्यांना हात लावायचा, आणि त्यांच्या पकडीतून सुटून मधली रेषा गाठायची. मी गेले की समोरच्या पोरी मागं सरकायच्या. सरकत सरकत काही जणी तर शेवटच्या रेषेबाहेर पडायच्या, आपणहून बाद व्हायच्या. लोक हसायचे. "अबे, पाहा पाहा, कोंबड्या पयाल्या!" मला वाटायचं, माझ्या पायांत वारं आहे. मला वाटायचं, मला घाबरतात.

त्याच सामन्यात एक नवी पोरगी होती, बारकीशी. तिला कोणी सांगायचं राहून गेलं असावं. मी परत फिरले तशी तिनं झेप घेतली आणि माझा घोटा धरला. घट्ट. बाहेरून म्हातारी ओरडली.

"सोड! सोड तिले! डोक्यावरून आंघोळ करा लागन आता!"

पोरीनं चटका बसल्यासारखा हात सोडला. मी रेषा ओलांडली. आम्हाला गुण मिळाला. टाळ्या पडल्या.

ढाल आम्ही जिंकली. परत येताना बैलगाडीत पोरी गाणी म्हणत होत्या. मी नेहमीसारखी मागं, पाय खाली सोडून बसले होते. कुंदा आमच्या संघातली सगळ्यात चांगली पकड करणारी. मोठ्या वावरवाल्याची लेक, पण मनानं सरळ. मी तिला विचारलं, "सरावात तू मले कधीच काहून धरत नाही?"

"सर नको म्हणतात."

"काहून?"

"तुले खरंच माहीत नाही?" ती माझ्याकडं बघतच राहिली. "अवं, सरांनी तुले घेतलंच त्याच्यासाठी. ते म्हणे, आपली ही बिनपकडीची चढाई हाय. हिले धरते कोन?"

ती हे वाईट मनानं बोलली नाही. तिला वाटलं, मला माहीत आहे.

खेळाचे सर मला सरावात वेगळं उभं करायचे. "तू ताकद मॅचसाठी ठेव," म्हणायचे. मी फक्की आखायची, दगड वेचायचे आणि बाजूला पळायचं. तो मान आहे असं मी समजत होते.

सोडून द्यायचा खेळ, असं कोणी म्हणेल. ते सोपं नव्हतं. बापाला मला सातवीनंतरच शाळेतून काढायचं होतं. सर आमच्या पुऱ्याच्या तोंडाशी आले होते, आत न येता उभे राहून म्हणाले होते, "पोरीले खेळू द्या. अकोल्याले निवड झाली तं होस्टेल भेटन, शिक्षण होऊन जाईन." बाप सरांचं ऐकायचा. म्हणजे मी खेळत होते तोवर शाळेत होते. खेळ सोडला की विळा आणि वावर. खेळायचं तर त्या बादलीच्या जोरावर. दोन्हीकडून दार बंद.

म्हणून गप्प बसले. अकोल्याला निवड होती, तिथं आपोआप सुटका होईल असं वाटलं.

अकोल्यात मला कोणी ओळखत नव्हतं. पहिल्याच चढाईला एकीनं घोटा धरला, दुसरीनं कमरेला मिठी घातली, बाकीच्या वरून पडल्या. तोंडात माती गेली. मला काय करायचं ते कळेना. हात कुठं टेकायचा, पाय कसा ओढायचा, दम कसा राखायचा, काहीच येत नव्हतं. मी ढिगाखाली पडून राहिले आणि दम सुटला. दुसऱ्या चढाईला तेच. तिसऱ्याला तेच. त्या पोरी उठल्या, हात झटकले, एकीनं मला हात देऊन उठवलं आणि आपल्या जागेवर गेली. पाण्याकडं कोणी बघितलंही नाही.

सर रागानं लाल झाले होते. "तुले पकडीतून सुटताच येत नाही? इतकं साधं?"

"सर," मी म्हटलं, "कोनी धरलंच नाही, तं सुटाले शिकू कवा?"

सरांनी तोंड फिरवलं. माझी निवड झाली नाही.

पुढं मी बरीच वर्षं खेळले. खेळावरच नोकरी लागली. पंजा मोडला, खांदा निसटला, एका गुडघ्यानं आता जिना चढताना आवाज येतो. लोक जुन्या जखमांबद्दल विचारतात. या जखमा मला धरल्यामुळं झाल्या, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

अकोल्याहून आले त्या दिवशी मायला म्हटलं, "माय, मले धर."

"बाप्पा! कायले?"

"खेळाले. मी सुटतो. तू सोडू नको."

माय हसली. मग लुगड्याचा काचा मारला आणि अंगणात उतरली. जन्मभर ज्वारी कापलेले हात तिचे. पायाला पडले की निघत नसत. शेजारच्या बाया भिंतीवरून बघायच्या. "कायचं भांडन चालू हाय व मायलेकीचं?" पुढं पुढं त्याही आल्या. एक पाय धरायची, एक कंबर. कोपरं फुटली, गुडघे सोलले. पण सुटायला शिकले. खांदा खाली टाकून, टाच फिरवून, दम दाताखाली धरून.

त्याच हिवाळ्यात तो शेजारच्या गावचा संघ आमच्या शाळेच्या मैदानावर आला. म्हातारी बरोबर. बादली आमच्याच शाळेची. सर म्हणाले, "कुंदा, पाहुण्यांले पानी भरून दे." कुंदानं विहिरीवरून बादली भरली आणि म्हातारीपुढं नेऊन ठेवली. मी बघत होते. माझा विटाळ उतरवायचं पाणी माझ्याच संघातली पोरगी भरत होती.

शेवटी आम्ही मागं पडलो. सरांनी मला बोलावलं. "जा. तुले इथं कोन धरते?"

मी रेषा ओलांडली. कबड्डी, कबड्डी. पोरी मागं सरकल्या. मी मैदानाच्या मधोमध थांबले. दोन्ही हात पाठीमागं घेतले. पाय रोवले. कबड्डी, कबड्डी. ती बारकी पोरगी समोरच होती. तिचे हात उठले आणि तिनं म्हातारीकडं पाहिलं. हात खाली गेले. कबड्डी, कबड्डी. मी सुटायला शिकून आले होते, आणि मला धरायला कोणी तयार नव्हतं.

"शिव ना व! पय माघारी!" सर ओरडत होते.

मी हलले नाही. दम संपला. पंचानं मला बाद दिलं.

मी बाहेर आले ती सरळ बादलीकडं. म्हातारी उठेपर्यंत दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. अंगठी बोटांना लागली. ती बाहेर काढली आणि तिच्यापुढं मातीत ठेवली.

"आजी," मी म्हटलं, "आता ह्या पान्यानं काय उतरवतं?"

 मग सगळे एकदम बोलायला लागले. सर धावत आले. हात उगारला, पण मारला नाही. मारायलाही शिवावं लागतं.

"उद्यापासून शाळेत दिसू नको."

"दिसीन, सर. नाव माह्यं पटावर हाय. आन चढाईबी करीन. त्याईले धराले शिकवा."

रात्री बापानं विळा पुढं टाकला. मायनं तो उचलून कुडाला खोचला. दोघांत काय बोलणं झालं, मला माहीत नाही.

सकाळी प्रार्थनेच्या आधी मी मैदानावर होते. फक्की आखली नाही. कालचीच रेषा होती, तिच्यावर उभी राहिले. संघातल्या पोरी आल्या. सर व्हरांड्यात आले.

"कुंदा," मी म्हटलं, "धर मले."

कुंदानं सरांकडं पाहिलं. घंटा झाली. वर्ग भरायला लागले. ती जागची हलली नाही, आणि मीही.

तिथं उभी असतानाच मी ठरवून टाकलं. ज्याला माझ्याशी खेळायचं आहे, त्यानं मला धरलं पाहिजे. न धरता दिलेला गुण मी घेणार नाही. शाळेनं दिला तरी नाही, सरकारनं दिला तरी नाही. आणि रेषेवरून हटणारही नाही.