उरलेले तीन लूम

हाशिमचा राग कधी खाडा करत नसे. भिवंडीच्या एका कापड कारखान्यात तो चार लूम चालवायचा. शेजारच्या लूमवरचा दाजी म्हणायचा, हाशिमभाईचा लूम अडला तर तो लूमला शिव्या देत नाही, बनवणाऱ्याच्या बापाला देतो.

मुलगी सालेहा लहान असताना त्याचा डबा घेऊन यायची. तिला त्याने एकच गोष्ट शिकवली. ताण्याची तार, म्हणजे उभा धागा, तुटली की लूम थांबवायचा, तार सांधायची, मगच पुढे. तुटकी तार तशीच ठेवून विणलं तर कापडात रेघ पडते, आणि ती धुऊन जात नाही. सालेहाने हे अभ्यासाला लावलं. न समजलेलं पान तिने कधी उलटलं नाही. त्या जोरावर ती डॉक्टर झाली, ठाण्याच्या एका रुग्णालयात लागली.

एक्याण्णव साली तिने छातीच्या रोगांची तज्ज्ञ परीक्षा द्यायचं ठरवलं. दाजीने विचारलं, "डॉक्टरीण झाली ना? आता परत कसली शाळा?"

"तू खोकतोस ना, त्याची," हाशिम म्हणाला.

अर्जावर रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरची सही लागत होती, तिने तिथे काम केल्याचा दाखला म्हणून. तो रोज उद्यावर ढकलायचा. शेवटी म्हणाला, उद्या लग्न होऊन घरी बसाल, कशाला हा खटाटोप. सालेहाने घरी येऊन हे सांगितलं आणि मुकाट जेवायला बसली. हाशिमला डॉक्टरपेक्षा तिच्या मुकाटपणाचा राग आला. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटली तसा तो अंगावरच्या कापसासकट ठाण्याला गेला आणि डॉक्टरच्या दाराबाहेर बाकावर बसला. शिपायाने उठ म्हटलं, उठला नाही. डॉक्टर बाहेर आला तेव्हा एवढंच म्हणाला, "पोरीने काम केलं नसंल तर तसं लिहून द्या. केलं असंल तर सही करा." सही झाली.

परीक्षा मुंबईला. हाशिम तिच्याबरोबर गेला, पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेर उभा राहिला. ती आली ती पांढरीफटक. परतीची एसटी कशेळीच्या पुलावर ट्रकांमागे अडकली, तेव्हा तिने तोंड उघडलं. दोन प्रश्न कोरे राहिले होते.

"येत नव्हते?"

"येत होते."

अडकली होती ती आधीच्या प्रश्नात. कापसाच्या धुळीने छाती धरते, त्या रोगाच्या पायऱ्या लिहायच्या होत्या. मधली एक पायरी आठवेना. ती आठवेपर्यंत सालेहा पुढे गेली नाही. आठवली तेव्हा वेळ संपत आला होता. हाशिमचा तो खोकला रोज तिच्या घरात उठायचा, पुस्तकातली पायरी तेवढी पळाली होती.

हाशिमचं डोकं फिरलं. येणारं टाकून न येणाऱ्यावर बसून राहणं म्हणजे घाम गटारात ओतणं, असं तो बोलत सुटला. वर्षभराची मेहनत, सहीसाठीची पायपीट, सगळं काढलं. सालेहाने ऐकून घेतलं, मग तीही उसळली.

"तुम्हीच शिकवलंत. तार तुटली की पुढं जायचं न्हाय."

"त्या लूमवर! बाकीचे तीन लूम काय उपाशी मारायचे? तुटलेला बंद ठेवायचा, बाकीच्यांना सुताच्या कांड्या भरत फिरायचं, मग परत येऊन सांधायचं."

"हे कधी सांगितलंत, अब्बा? मला त्या बंद लूमपाशी उभी करून जायचात. तुम्ही कुठं जाता ते मला कुठं दिसायचं?"

कंडक्टर वळून बघू लागला. इतकी वर्षं हाशिमचे पाय आपोआप फिरत होते. ते सांगायची गोष्ट आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

ती नापास झाली. हाशिम वर्षभर धुमसत होता. जेवणावर, मालकावर, वीज गेली की विजेवर. बायको बिल्किस शेवटी म्हणाली, स्वतःवर चिडायचंय तर तसं चिडा, माझी भांडी का आपटता?

पुढल्या अर्जाच्या वेळी तो ठाण्याला निघाला, तर सालेहाने अडवलं. त्या बाकावर ती स्वतः बसली. डॉक्टरने चहा यायच्या आत सही करून दिली.

परीक्षेच्या दिवशी हाशिम पुन्हा त्याच फाटकाशी. ती बाहेर आली.

"एखादा बंद पडला?"

"पडला. बाकीचे संपवून परत गेले त्याच्याकडं."

"सांधला?"

"सांधला. पण गाठ जाडी झाली."

गाठ जाडी का झाली, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून तो उशिरा येणाऱ्या एसटीवर चिडला.

ती पास झाली. दाजी पेढे मागत दारात आला आणि उंबऱ्यावरच खोकला. हाशिमने पेढ्यांचा डबा मागे घेतला.

"पेढे मागाहून. आधी सदरा काढ, तिच्यासमोर बस."