आपांना शंका होती

शबानाचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. "मॅडम, आम्मी गेली," एवढंच म्हणाली. जमीलाआपांना जाऊन आता दीड महिना झाला. हिमायतनगरहून लातूरला क्लाससाठी आलेली मी त्यांच्या मेसमध्ये जेवायची. पुढे इथेच जीवशास्त्र शिकवायला लागले, तरी ताट त्यांच्याकडचंच राहिलं. आपा मायाळू, पण विश्वास कुणावरच टाकत नसत. भूकंपानंतर घर तपासायला आलेला माणूस "काही धोका नाही" म्हणाला, तरी त्या लहानग्या शबानाला घेऊन अंगणातच राहिल्या... पावसाळ्यात मागची भिंत पडली. तेव्हापासून कुणी काहीही सांगितलं की म्हणायच्या, "म्हणलं म्हणून खरं असतंय व्हय?"

मग एका वर्षी त्यांचे डोळे पिवळे झाले, पोटात कळा येऊ लागल्या. पित्तनळीत खडा अडकला होता. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, तोंडातून दुर्बीण घालून काढू, पोट कापायची गरज नाही. आपांनी मला बाजूला ओढलं. "पोट न फाडता खडा निघतोय? येड्यात काढून राहिले हे." वर्गात फळ्यावर काढते तसं यकृत, पित्ताशय, नळी मी त्यांच्या तळहातावर बोटाने काढून दाखवलं. "तू म्हणतीस म्हणून," त्या म्हणाल्या. खडा निघाला, डोळे निवळले. पण घरी आल्यावर आठवड्याभरात सुरू झालं... "सुनंदा, आत काहीतरी ठेवलंय यांनी." आम्ही हसलो. सगळ्यांत जास्त मीच.

सात-आठ महिन्यांनी हुडहुडी भरून ताप आला, डोळे पुन्हा पिवळे. सोनोग्राफी करताना लातूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "आतली नळी अजून काढली नाही?" पित्त वाहतं राहावं म्हणून खडा काढताना प्लास्टिकची बारीक नळी ठेवली होती, ती तीन महिन्यांत काढायची होती. तोंडाने कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून सुट्टी देताना दिलेल्या कागदावर, अगदी शेवटी, इंग्रजीत लिहिलं होतं. तो कागद मीच वाचला होता... औषधांपर्यंत.

नळी निघाली, ताप उतरला. मी खाटेजवळ बसून रडले. आपा म्हणाल्या, "रडू नको. पण आता माझे कागद तू एकलीनं वाचायचे न्हाई." आणि खरंच, पुढे त्यांचा प्रत्येक कागद माझ्यानंतर कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे जायचा. तव्यावरची पहिली भाकरी मात्र माझ्याच ताटात पडायची. दोन्ही माझ्या मनाला लागायचं.

गेल्या आठवड्यात शबाना त्यांची शेवटची फाईल घेऊन आली. "हृदय बंद पडलं म्हणतेत. पण सकाळी तर आम्मी चांगली बोलून राहिली होती..." मी सगळी पानं दोनदा वाचली. कुठे काही खटकलं नाही. तसं सांगितलं. तिने मान हलवली, कागद नीट लावले आणि दाराशी जाऊन थांबली.

"राग नका मानू मॅडम, औषधवाल्या चाचांना बी एकदा दाखवून येते."

"जा," मी म्हटलं. "दुकान बंद व्हायच्या आत जा."