टाकीतलं पोवळं

भीमरत्न मालवाहू जहाजावर इंजिनिअर. त्याची बायको सुनयना उद्यमबागेतल्या एका बँकेत अधिकारी. दोघांचेही आईवडील निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबलेले. ही दोघं शिकून बेळगावात आली आणि सांबऱ्याच्या विमानतळाकडच्या रस्त्याला त्यांनी फ्लॅट घेतला. सुट्टीवर आला की भीमरत्नला घरात करमायचं नाही, म्हणून त्यानं हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची एक छोटी टाकी मांडली होती. तिच्यात केशरी पट्ट्यांच्या माशांची एक जोडी आणि दिसेल ते कुरतडणारा एक फुगा मासा.

त्या वर्षी मालकानं जहाज वाऱ्यावर सोडलं. आखातातल्या एका बंदराबाहेर ते नांगर टाकून उभं राहिलं आणि माणसांना उतरायची परवानगी मिळेना. डिझेल पुरवून वापरायचं म्हणून जहाजावर वीजही थोडाच वेळ असायची. सुरुवातीला भीमरत्नचा रोज फोन यायचा. मग कधीतरी. मग नुसताच मेसेज, 'बरा आहे'.

सुनयनानं दिल्लीला, मुंबईला, जिथं जिथं विचारायचं तिथं विचारलं. 'बघतोय' यापलीकडं कुणी काही सांगेना. बँकेत ती एकच कागद पुन्हा पुन्हा वाचायची. घरी आली की धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. विमानाचा आवाज झाला की गॅलरीत जायची, त्यात तो नाही हे माहीत असून. तिच्या सोबतीला म्हणून निपाणीहून सासूबाई, यल्लव्वा, राहायला आल्या. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "बस की गं जरा. तुझं फिरणं बघून माझंच पाय दुखाय लागल्यात."

बसणं जमेना, म्हणून तिनं टाकीला हात घातला. या टाकीत एकदा प्रवाळ वाढवायचं असं भीमरत्न दर सुट्टीत म्हणायचा आणि तसाच जहाजावर जायचा. सुनयनानं मोबाईलवर बघून बघून माहिती गोळा केली. फुगा मासा प्रवाळ कुरतडणार, म्हणून तो दुकानदाराला परत दिला. जुना दिवा काढून निळसर पांढरा, जास्त उजेडाचा दिवा टांगला. समुद्रासारखं पाणी हलतं राहावं म्हणून एका कडेला छोटा पंप बसवला, उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून वर पंखा लावला. छताच्या दिव्याखाली असते तसली प्लास्टिकची जाळी कापून तिचा मांडव केला आणि वाळूच्या वर उभा केला. त्याच्यावर प्रवाळाचे तुकडे ठेवायचे.

यल्लव्वा बघत होत्या. "पोवळं म्हंजे अंगठीतला खडा न्हवं? त्यो वाढतो व्हय?"

"हे मऊ जातीचं हाय आत्ती. जित्तं असतंय. तुकडा कापून लावला की फांदीसारखा फुटतोय."

बेंगळुरूच्या एका प्रवाळ वाढवणाऱ्यानं टाकीतच वाढवलेले तुकडे बसनं पाठवले. सिमेंटच्या बटणाएवढ्या चकत्यांवर ते चिकटवलेले होते. सुनयनानं ते हळूच जाळीवर ठेवले. दुसऱ्या दिवशी एकही उमलला नाही. तिनं दिवा मंद केला, पंपाची दिशा बदलली, पाण्यातलं मीठ मोजलं. तुकडे आकसत गेले आणि शेवटी पांढऱ्या बुळबुळीत झिल्लीखाली विरघळून गेले. आपल्या हातून काही जगतच नाही, असं तिला वाटायला लागलं. त्या आठवड्यात तर 'बरा आहे' सुद्धा आलं नव्हतं.

मग एका दुपारी बँकेत फोन वाजला. भीमरत्नचा आवाज लांबून, तुटत येत होता. रडायचं नाही असं तिनं ठरवलेलं, म्हणून ती टाकीचंच बोलत सुटली. वाळू जुनीच आहे का, असं त्यानं मध्येच विचारलं. ती हो म्हणाली.

"सुनयना, त्या वाळूत तांबं हाय गं," तो म्हणाला. "माशांना पांढरं ठिपकं आलतं, तवा मी तांब्याचं औषध घातलतो. ते वाळूत, दगडांत मुरतंय. मासं सोसतात, पोवळ्याला ते विष."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

"तू टाकीला हात लावशील असं कुठं वाटलं मला?" तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "वाळू टाक, दगड टाक, सगळं नवीन कर. मी आल्यावर बघतो."

'आल्यावर' हा शब्द घेऊन ती घरी आली. मासे एका बादलीत, वाळूची पोती जिन्याखाली. यल्लव्वांनी पदर खोचून दगड बाहेर काढले. टाकी घासून घासून धुतली, नवीन पाणी मुरवलं, तळ वाळूशिवाय उघडाच ठेवला आणि घाई न करता पुन्हा तुकडे मागवले. या वेळी ते उमलले. हिरव्या गवतासारखे, पाण्यात डोलणारे. वाढल्यावर तिनं पात्यानं त्यांचे तुकडे केले आणि घट्ट गोंदानं नव्या चकत्यांवर चिकटवले. तुकडे जगले.

माणसांना उतरायची परवानगी मिळून भीमरत्न घरी आला तेव्हा पावसाळा संपत आला होता. गालफडं बसलेली, शर्ट खांद्यावरून ओघळलेला. दारातून तो थेट टाकीपाशी गेला आणि बराच वेळ उभा राहिला. मग भिंतीला हात धरून म्हणाला, "जमीन हलतीया असं वाटतंय."

त्यानं उद्यमबागेत पंपांच्या कारखान्यात नोकरी धरली. यल्लव्वा निपाणीला गेल्या. पण तो एका जागी बसत नाही. जेवताना मध्येच उठतो, पाण्याचा आवाज ऐकतो, पंप उगीच खोलून पुन्हा बसवतो. जहाजाच्या कंपन्यांचे फोन येतात. तो ना हो म्हणतो, ना नाही. सुनयना विचारत नाही. तो त्याबद्दल बोलायला लागला की ती गोंद लावलेली ओली चकती त्याच्या हातात देते आणि म्हणते, "हे धरा जरा, गोंद वाळंस्तवर."

तो धरून उभा राहतो.