मामींच्या डब्यातले चुरमुरे

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक सेतुमामांनी भाड्याचं काही काढलं नाही.

"काम काय करतोस, तंबी?" धाकट्या भावाला हाक मारावी तसं त्यांनी विचारलं.

"ओरगडमला, गाड्यांच्या कारखान्यात. रंगकामाच्या विभागात."

"मग ते रंगाचं पाणी कुठे जातं?"

मला सांगता येईना. करमाळ्याहून शिकून आलेला, घरातला पहिला पदवीधर मी, मान खाली घालून उभा राहिलो. "कळलं की येऊन सांग," म्हणत त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

तांबरमला राहणारे मामा मूळचे तंजावरकडचे मराठी. केर असो, सांडपाणी असो, "कुठे जातं?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. फक्त शुक्रवारी तो नसे. देवळाच्या तळ्यातल्या माशांना दर शुक्रवारी पितळी डबाभर चुरमुरे घालायचा मामींचा नेम होता. त्यात खंड पडू देणार नाही, असं वचन त्यांनी शेवटच्या आजारात मामांकडून घेतलं होतं.

कोरोनात देऊळ बंद झालं. मामा कासावीस. "तिचे मासे मरतील रे!"

देऊळ उघडलं त्या शुक्रवारी मीही त्यांच्याबरोबर गेलो. एरवी हिरवं, आंबूस वासाचं पाणी इतकं निवळलं होतं की बुडालेल्या पायऱ्या दिसत होत्या. मासे होतेच, बोटाएवढी पिल्लंही होती. आजूबाजूचे लोक पिशव्या फोडून चुरमुरे टाकू लागले. मामा डबा न उघडता त्या निवळ पाण्याकडे बघत उभे.

"मामा, टाका ना."

"इतकी वर्षं टाकले, तंबी. ते कुठे जातात, हे एकदाही विचारलं नाही मी." डबा पिशवीत परत ठेवत म्हणाले, "पोदुम. पुरे झालं."

घरी येऊन त्यांनी त्या चुरमुऱ्यांत कांदा-खोबरं घातलं आणि मामींच्या फोटोकडे बघत म्हणाले, "तुझं कधी ऐकलं होतं मी? हे आणखी एक." हसले, पण डोळे भरले होते. देवळात लोकांनी बोल लावले. मामा तिथे जात राहिले, डबा मात्र घरीच राहिला.

पुढे मी कारखान्यातल्या पाण्याची वाट शेवटपर्यंत चालून पाहिली आणि मामांना सांगितली. "आता झालास पदवीधर," ते म्हणाले. पदवीदानाच्या दिवशीही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी मामा गेले. तेराव्यानंतरच्या शुक्रवारी त्यांच्या मुलीने तोच डबा भरला. "अम्माचा नेम अप्पांनी मोडला. आता दोघांच्या नावाने मीच घालते."

तळ्याच्या पायरीवर मी तिला सगळं सांगितलं. डब्याचं झाकण काढून ती पायरीवर बसली. मग एक मूठ माझ्यापुढे केली. "घे. कांदा नाही बरं का."

मासे पायरीशी आले, थोडे थांबले आणि आपल्या वाटेने खोल पाण्यात गेले.