धुतलेलं विमान

आमच्या शालिग्राममामाने आयुष्यात एकदाच विमानाला हात लावला, आणि तोही ते धुवायला. हे ऐकून लोक हसतात. हसू दे. मला मात्र अजून त्या गोष्टीचा राग येतो, आणि राग येऊन झाला की मामाचा अभिमान वाटतो. एकाच माणसाबद्दल दोन्ही वाटणं फार गैरसोयीचं आहे.

मामा जबलपूरला खमरियाच्या सरकारी दारूगोळा फॅक्टरीत चौतीस वर्षं तपासणी विभागात होता. आलेला नग आधी स्वच्छ करायचा, मग मापायचा, मग त्याला चिठ्ठी बांधायची आणि वहीत लिहायचं, पास किंवा रिजेक्ट. घाण मालाची तपासणी होत नाही, हा त्याचा पहिला आणि शेवटचा नियम. निवृत्तीनंतर तो बरगी धरणाजवळ शेती करायला गेला, पण तपासणी विभाग काही सुटला नाही. शर्मिलामामीच्या पोळ्या तो व्हर्नियरने मापायचा. एका वर्षी त्याने गणपतीची मूर्ती दोनदा परत पाठवली, कारण डावा कान उजव्यापेक्षा दीड सूत मोठा होता. माझ्या लग्नात त्याने आहेरातली सात भांडी रिजेक्ट केली. त्यातली चार त्याने स्वतःच आणली होती.

मागच्या डिसेंबरात त्याच्या मटाराच्या शेतात विमान पडलं. एका खाजगी संस्थेचं, शिकाऊ वैमानिकांचं छोटं विमान. त्यात अवंतिका नावाची बावीस वर्षांची जबलपूरचीच मुलगी एकटी होती. इंजिन हवेतच बंद पडलं. तिने विमान धरणाच्या पाण्यावरून वळवून शेतात आणलं, पण चाक बांधाला अडकलं, एक पंख तुटला आणि तिचा पाय मोडला. मामीने तिला बाहेर काढलं, पाणी पाजलं आणि शेजाऱ्याच्या गाडीतून शहरातल्या इस्पितळात नेलं.

दिल्लीहून तपास अधिकारी यायला दोन दिवस लागणार होते. पोलिसांनी भोवती दोरी बांधली आणि एक शिपाई बसवला. दुसऱ्या दिवशी त्या शिपायाला कुठल्याशा मंत्र्याच्या बंदोबस्ताला बोलावणं आलं. जाता जाता तो मामाला म्हणाला, "आप तो सरकारी आदमी रहे हो, जरा देख लेना."

गावात तोवर कारणांचा बाजार भरला होता. कोणी म्हणे घार आडवी आली, कोणी म्हणे पोरगी मोबाइलवर बोलत होती. एकाच्या मते विमान मटार बघूनच उतरलं होतं, आणि त्या वर्षी पीक तसं होतंही. मामाला ही सगळी मतं ऐकून किळस आली. न तपासता बोलणाऱ्या माणसाला तो माणसात धरत नाही.

मी जबलपूरला शाळेत शिकवतो. रविवार होता म्हणून विमान बघायला गेलो, तर मामा पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून फवारणीच्या पंपाने त्याला आंघोळ घालत होता. मी विचारलं, हे काय चाललंय?

"साहेब येऊन राहिले दिल्लीहून," मामा म्हणाला. "त्यांच्यापुढे हे असं चिखलाचं ठेवू? काहून, आपली काही इज्जत आहे की नाही?"

मी त्याला थांबवायला हवं होतं. मी विज्ञान शिकवतो हो. पण मामाने माझ्या हातात एक चिंधी दिली आणि लहानपणापासून मामाने हातात दिलेली वस्तू मी घेत आलोय. आम्ही दिवसभर खपलो. सुटे भाग डिझेलच्या बोळ्याने पुसले, ताडपत्रीवर लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली. मामा सांगत गेला, मी वहीत लिहीत गेलो. एक खिळा हरवला नाही. संध्याकाळी ते मोडकं विमान मावळत्या उन्हात असं चमकत होतं की गावातल्या दोन बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. मामाने ते लगेच पुसून काढलं.

सोमवारी सकाळी दिल्लीचे तपास अधिकारी अनुपमसाहेब आले. मी शाळेत रजा टाकून मामाकडेच राहिलो होतो. बारीक, शांत, चष्मेवाले गृहस्थ. ते दोरीखालून आत आले, ताडपत्रीपाशी थांबले आणि एकेक नग उचलून पाहू लागले. मामा सावधान उभा होता. शाबासकी येणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. शेवटी साहेब बांधावर बसले आणि चष्मा काढून म्हणाले, "आपने तो सबूत को नहला दिया."

मामाला राग आला. त्याने हिंदीत सुनावलं की घाण माल तपासायची पद्धत दिल्लीत असेल, आमच्याकडे नाही. साहेबांनी वाद घातला नाही. त्यांनी चार दिवस काम केलं. टाकीत पेट्रोल भरपूर होतं, त्यात पाण्याचा थेंब नव्हता. इंजिन सुटं करून पाहिलं, ते ठणठणीत होतं. तारा, पट्ट्या, दट्टे, सगळं जागच्या जागी. चौथ्या दिवशी मामीने चहा दिला तेव्हा साहेब म्हणाले की यंत्रात दोष सापडत नसला की शेवटी बोट वैमानिकाकडेच दाखवलं जातं. अहवाल तसाच गेला तर त्या मुलीचं उडणं संपलं.

मामीला ते पटेना. बंद पडायला दुसरं काहीच कारण नसतं का, तिने विचारलं. साहेबांनी पंखाखालची एक बारीक नळी दाखवली. टाकीत हवा जायची ती वाट. विमान उभं असताना कुंभारीण माशी अशा नळीत खोलवर मातीचं घर करते, मग पेट्रोल असूनही इंजिनापर्यंत उतरत नाही.

"अच्छा, तेलाच्या डब्याला दुसरं छिद्र पाडतो तसं," मामी म्हणाली.

अगदी तसंच, साहेब म्हणाले, पण ही नळी साफ आहे, म्हणून ते कारण निकालात निघालं.

मी मामाकडे पाहिलं. मामा चहाच्या कपात पाहत होता. नग क्रमांक एक्केचाळीस मीच लिहिला होता: पंखाखालची नळी, बोटभर आत वाळलेली माती, सायकलच्या तारेने काढली, पास. ती माती पंपाच्या पाण्याबरोबर मटारात वाहून गेली होती. मामा बोलला नाही. मीही बोललो नाही, आणि त्याची मला आज लाज वाटते. पोलीस केस होईल, माझी नोकरी सरकारी आहे, एवढंच त्या वेळी डोक्यात आलं.

दुसऱ्या दिवशी मामी इस्पितळात निघाली. मामाही आमच्याबरोबर गाडीत बसला. अवंतिका पाय टांगून पडली होती. मामीला पाहून हसली. मामाने तिला विचारलं, पोरी, त्या दिवशी नेमकं काय झालं? तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं, कुठला दांडा कधी ओढला, कुठला काटा कुठे होता. मग मध्येच थांबली.

"काका, सब बोल रहे हैं की माझंच काही चुकलं," ती म्हणाली. "रोज आठवून राहिले, काय चुकलं ते सापडत नाही. पण आता मलाही वाटते, चुकलंच असेल."

मामा खाली उतरला, तो थेट साहेब उतरले होते त्या विश्रामगृहावर जाऊ म्हणाला. वही त्याच्या पिशवीतच होती. साहेबांपुढे त्याने वही उघडली आणि एक्केचाळिसाव्या नगावर बोट ठेवलं. मराठी अक्षर साहेबांना नीट लागेना, म्हणून मी वाचून दाखवलं. ऐकून होताच साहेबांनी त्या संस्थेला फोन लावला आणि हे विमान जिथे ठेवलेलं असे त्याच शेडमधल्या दुसऱ्या विमानाची नळी पाहायला सांगितलं. तासाभराने उत्तर आलं. तीही मातीने बंद होती.

साहेबांनी मामाचा जबाब लिहायला घेतला. भला माणूस होता. शेवटचं वाक्य त्यांनी वाचून दाखवलं, की साक्षीदाराने अनजाने में, म्हणजे नकळत, नळीतील माती काढली. त्या शब्दाने मामा सुटत होता, हे मलाही कळत होतं. मी म्हटलं, चलो मामा, सही करा.

मामाने पेन खाली ठेवलं.

"अनजाने में काटिए, साहब," तो म्हणाला. "लड़की ने भी जो किया, ध्यान से किया. मैंने भी ध्यान से किया. गलत मैं था."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तो शब्द खोडला. मामाने खोडलेल्या जागी आधी छोटी सही केली आणि मग खाली पूर्ण नाव लिहिलं.