जिन्यातली आगोट

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत चार मजल्यांची इमारतसुद्धा लोक मान वर करून बघायचे. तशाच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचा ब्लॉक होता. नवरा बोटीवर नोकरीला, घरी मी आणि माझे वडील. अर्धांगाच्या झटक्याने वडिलांची एक बाजू गेली होती, चालणं बंद झालं होतं. खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत, तेही मी उचललं तर.

लोक ब्लॉकात आले ते गावच्या सवयी घेऊनच. आमच्याकडे पावसाआधी आगोट भरतात, म्हणजे चार महिन्यांचं सरपण, तांदूळ, सुकी मासळी. स्वयंपाकाला गॅस आला तरी अंघोळीचं पाणी बंबातलंच हवं. मग जळणाची सोडणं, म्हणजे नारळाची सुकी सालं, आणि झावळ्या ठेवायच्या कुठे? जिन्याखाली. तिथे मावेनात तेव्हा पायऱ्यांवर, पहिल्या वळणापर्यंत. जागा कोरडी आणि फुकटची! इमारतीला जिना एकच, हे कुणाच्या गावीही नव्हतं. मी बोलले की सोसायटीचे चेअरमन हसायचे. "वहिनी, आपण काय मुंबईत राहतो?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एका एप्रिलच्या सकाळी कुणीतरी बंबातली राख भांडी घासायला म्हणून जिन्याखाली ठेवली. राखेत निखारा होता. सोडणं भडकत नाहीत, धुमसतात. बघता बघता जिना धुराने भरला. वरचे लोक तोंडाला फडकी लावून, पोरं कडेवर घेऊन धडाधड खाली पळाले. मी दाराच्या फटीत ओली चादर कोंबली आणि वडिलांना ओढत गॅलरीत नेलं. खोकत खोकत ते म्हणाले, "तू जा गो बाय. माझं काय राहिलंय आता?" मी त्यांच्यावर खेकसले. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

खाली विहिरीचं पाणी ओतून लोकांनी आग विझवली. कुणाला काही झालं नाही, आणि तिथेच सगळं फसलं. चेअरमननी देवापुढे नारळ फोडला. त्याचं सोडणही जिन्याखालीच गेलं असणार! पावसाच्या तोंडावर ढीग पुन्हा पहिल्याएवढा झाला.

त्याच सुमारास नगरपालिका बांधकामाचे नियम नव्याने करत होती, लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. मी लिहून दिलं, जिन्यात साठवण करणाऱ्याला दंड करा आणि उंच इमारतीला दुसरा जिना सक्तीचा करा. सोसायटीने उलट कळवलं, आम्ही शेजारधर्म पाळतो, आम्हाला कायद्याची गरज नाही. म्हणून एक अधिकारी पाहणीला आले.

"यांच्या वडिलांना काय, आम्ही चौघं अलगद उतरवू," चेअरमन त्यांना म्हणाले.

"मग उतरवा," मी म्हटलं. "आत्ता."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. चौघांनी वडिलांना खुर्चीसकट उचललं. अधिकारी आणि मी पुढे उतरलो. शेवटच्या वळणावर ढिगाला टेकून खुर्ची अडकली. एकजण पायाने सोडणं सारू लागला तशी मी आडवी आले.

"हात लावायचा नाही, पायही नाही. पेटलेली असती तर लावला असतात?"

चौघांना घाम फुटला. खुर्ची खाली जाईना, वर चढवायची ताकद उरली नव्हती. "अहो, वडिलांचा तरी विचार करा!" चेअरमन ओरडले.

"त्यांचाच करतेय."

वरून वडील शांतपणे म्हणाले, "माझी काळजी नको हो. मी बसलोय. उभे तुम्ही आहात."

मी अधिकाऱ्यांकडे वळले. "साहेब, माझे शेजारी वाईट नाहीत. पण त्या दिवशी ते माझ्या दारावरूनच पळाले. मीही पळाले असते. माणूस जीव घेऊन पळणारच, म्हणून तर कायदा हवा." मग बाजूला होऊन मी ढीग हलवू दिला.

दुसऱ्या जिन्याचा नियम पुढे झाला, तोही नव्या इमारतींपुरता. आमचा जिना मात्र त्याच संध्याकाळी रिकामा झाला. पावसाळाभर इमारतीतलं कुणी माझ्याशी बोललं नाही. गणपतीत कुणी प्रसादालाही बोलावलं नाही. वडिलांना वाईट वाटलं. मला नाही वाटलं. माझा बाप आता तिसऱ्या मजल्यावर कोंडलेला नव्हता. प्रसाद मी घरी केला.