कोणबाईंचं दार

बाईंचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पाचला लाँड्रीत हजर. तिथे हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायच्या, आठ वाजेपर्यंत, उभ्याने. नऊला आमच्या गल्लीच्या टोकाची बालवाडी उघडायच्या. बालवाडीच्या पगारात एका माणसाचंही भागत नाही, म्हणून चादरी. मी आयुष्यभर सुतारकाम केलं. काम कोण करतं आणि कामाचं सोंग कोण आणतं, ते मला मनगटाकडे बघून कळतं. बाईंच्या मनगटांवर इस्त्रीचे डाग होते.

माझी नात चार वर्षांची झाली तेव्हा तिला त्यांच्याकडे घातली. तिची आई ती रांगत असतानाच गेली. घरात मी, ट्रक चालवणारा थोरला, म्हणजे तिचा बाप, आणि बिनलग्नाचा धाकटा. नातीला आम्ही पाचर म्हणायचो. दोन माणसं बोलत बसली की ही मधे घुसलीच. घरी तिची टकळी थांबायची नाही.

बालवाडीत मात्र तिने तोंड उघडलं नाही. पहिल्या दिवशी उड्या मारत गेली आणि दुपारी गप्प होऊन परत आली. पुढे रोज तेच. गाणं म्हणायची नाही, नाव सांगायची नाही, तहान लागली तरी पाणी मागायची नाही. का म्हणून विचारलं तर खांदे उडवायची. मुलांना न्यायला येणाऱ्या आयांमध्ये कुजबुज सुरू झाली. एकीने तोंडावरच विचारलं, "आबा, मुकी आहे का हो?"

"घरी येऊन बघा, कान किटतील," मी म्हणालो. पण माझंही मन खाऊ लागलं. पुढच्या वर्षी मोठी शाळा होती. वर्ग गच्च भरलेले. गप्प बसणाऱ्या पोराला तिथे मागच्या बाकावर बसवतात आणि विसरतात. मी त्याच बाकावरचा. मला धड वाचता आलं ते मिसरूड फुटल्यावर.

बाईंनी तिला बोलायचा कधी आग्रह केला नाही. स्वतः बोलत राहिल्या. "ही बादली जड आहे, चल, दोघी धरू." "बघ, ह्याने चपला उलट्या घातल्यात!" उत्तरासाठी थांबायच्या, नाही आलं की पुढचं बोलायच्या. असं बोलत राहायला दम लागतो. मी दोन दिवसांत हात टेकले असते.

एका दुपारी बाई घरी आल्या. मी ओसरीवर फळीला रंधा मारत होतो.

"आबा, तुमचं चालू द्या. मी नुसती बसते." भुशाच्या पोत्यावर टेकल्या. पाचर आत जेवत होती, तिला पत्ता नव्हता. आतून आरोळी आली, "आबा, मी जेवलो! सगळं संपवलं! आता मी बाहेर येतो!"

बाईंनी कपाळावर हात मारला.

"काय झालं?" मी विचारलं.

"आबा, पोरगी 'येतो' म्हणते."

"मग काय म्हणायचं?"

"येते!"

मी रंधा खाली ठेवला. खरंच की. घरात तीन पुरुष. आलो, गेलो, जेवलो, हेच तिच्या कानावर. आम्हीही तेच बोलणार, मग खटकणार कुणाला?

"पहिल्या दिवशी पोरं खो खो हसली होती," बाई म्हणाल्या. "मी दाराशी एका रडक्याला आईपासून सोडवत होते. आत्ता कळलं कशाला हसली ते. 'मी आलो' म्हणत शिरली असणार."

"सोपं आहे मग. आजपासून घोकून घेतो. आले, गेले, जेवले."

"खबरदार! एक शब्द सुधारायचा नाही. आधीच कुलूप, त्यावर तुम्ही खिळा ठोका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात दोरीवर लाँड्रीतली जुनी चादर टांगली. ते दार. एकेकाने चादरीमागे जायचं, कोणीतरी व्हायचं आणि टाळी वाजवायची. मी खिडकीशी उभा राहिलो.

"कोण आहे?" बाई विचारायच्या.

"मुंगी."

"मुंगी काय म्हणते?"

"मी आले!" म्हटलं की सगळा वर्ग ओरडायचा, "मुंगी आली!" मग बेडूक आला. मांजरावरून भांडण पेटलं. "मांजर आलं!" "आमच्याकडे मांजर आली म्हणतात!" "मग ती मांजरी!" बाई म्हणाल्या, "भांडा, भांडा. मी ऐकते."

मग पाचर चादरीमागे गेली. टाळी वाजली. मी खिडकीचा गज घट्ट धरला.

"कोण आहे?"

चादर हलली. "हत्ती."

"हत्ती काय म्हणतो?"

"मी आलो!" गल्लीभर ऐकू गेलं.

"हत्ती आला!" वर्ग ओरडला. कुणी हसलं नाही. हसणार कसं? हत्ती 'आलो'च म्हणणार.

मी खिडकीखालीच बसकण मारली. खांद्यावरचा ओंडका कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटलं.

पुढे ती वाघ झाली, बैल झाली, पोस्टमन झाली. मग एकदा मुंगी. "मी आलो," म्हणाली आणि थांबली. "नाही नाही, मुंगी आहे मी. मी आले!" कुणी सांगितलं नव्हतं. घरी धाकटा "मी निघालो" म्हणाला तर हिने विचारलं, "कोण होऊन?"

पोरांनी बाईंचं नाव कोणबाई ठेवलं. मग बाईंनी अक्षरं लिहिलेले पुठ्ठे आणले. हत्ती आला की 'ल'ला काना, मुंगी आली की वेलांटी, मांजर आलं की डोक्यावर टिंब. जे तोंडात आधीच बसलं होतं, ते आता पोरांना डोळ्यांनी दिसायला लागलं.

मोठ्या शाळेच्या पहिल्या दिवशी पाचरने उघड्या दारावर टकटक केली. मास्तरांनी सवयीने विचारलं, "कोण आहे?" झालं! तासभर मास्तरांनाच बोलायला मिळालं नाही. मी घरी येऊन पोटभर जेवलो.

इकडे बालवाडीतली चादर रोज घसरायची. बाई माझ्याकडे आल्या. "आबा, दार करून द्या. चौकटीसकट, मुलांच्या उंचीचं, वर्गाच्या मधोमध उभं राहणारं."

"पैशाचं राहू द्या, बाई."

"मी चादरी फुकट इस्त्री करते का? फुकट केलंत तर दार करकरलं म्हणून मला तुमच्याशी भांडता यायचं नाही."

हे पटलं. पुरी मजुरी घेतली, पुरं काम केलं. चांगलं लाकूड, पितळी बिजागऱ्या, दार बोटाने ढकललं तरी उघडेल असं. लाँड्रीत उभ्याने मिळवलेल्या पैशांतून बाईंनी अखेर घेतलं ते हे, मागे खोली नसलेलं दार. कडी लावू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाल्या.